शेतावर आलेल्या पाहुण्यांना वर्षभर काय करायला द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नारायणगावजवळ साडेचार एकर बागायत, त्यात दीड एकर द्राक्ष, घराला लागून पाहुण्यांसाठी तीन खोल्या, चहा-न्याहारी-जेवण घरचंच. हुरड्याच्या दिवसांत खोल्या भरतात. एरवी सुट्टीला एखादं कुटुंब येतं आणि दुपारी तीनच्या सुमारास ‘आता काय?’ म्हणून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. तेव्हा स्विमिंग पूल, रेन डान्स आणि झिपलाइन, यांपैकी आधी पैसे कशात घालावेत?

मी याच जुन्नर तालुक्यात हाच उद्योग बरीच वर्षं करतोय. माझं उत्तर: कशातच नाही. पूल बांधला की तुमची तुलना पुणे-नाशिक रस्त्यावरच्या रिसॉर्टांशी होणार, आणि त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा मोठा पूल आहे. रेन डान्सबरोबर डीजे येतो, डीजेबरोबर कोणत्या प्रकारची गिऱ्हाइकं येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसे खर्चच करायचे असतील तर वावराच्या कडेला एक स्वच्छ संडास, हातपाय धुवायला नळ आणि दहा-बारा माणसं बसतील अशी सावली, एवढं आधी करा. चिखलात गेलेल्या माणसाला पाय धुवायला दोनशे पावलं चालावं लागलं, तर दुसऱ्यांदा तो चिखलात जात नाही.

खरी अडचण वेगळी आहे. शेतात रोज काम असतं, पण ते पाहुण्याच्या हातात देण्याजोगं नसतं. फवारणी देता येत नाही, ट्रॅक्टर देता येत नाही, आणि कांदालागवडीच्या मजूर बायांच्या ओळीत शहरातलं कुटुंब घुसवलं तर बाया वैतागतात. त्यामुळे कार्यक्रमांचा विचार नंतर करा, आधी पेरणीचा करा. घराजवळची दहा-बारा गुंठे जमीन पाहुण्यांच्या नावाने बाजूला काढा. तिच्यातून बाजाराला माल काढायचा नाही, असं घरात सगळ्यांनी मान्य करायचं. विशेषतः वडीलधाऱ्यांनी, कारण तुडवलेला वाफा बघून पहिला आरडाओरडा त्यांचाच होतो.

हुरड्यापासून सुरुवात करतो, कारण तो तुमच्याकडे चालतोय आणि तरी त्यात सुधारायला जागा आहे. बहुतेक जण ज्वारी एकदम पेरतात. मग सगळं वावर एकदमच हुरड्यावर येतं आणि आठ-दहा दिवसांत दाणा कडक होतो. पुढे बाजारातून कणसं आणून ‘आमच्या शेतातला हुरडा’ म्हणून भाजावी लागतात. रब्बी ज्वारीच्या पेरणीचा काळ साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. या महिन्याभरात दर आठ दिवसांनी एकेक गुंठा पेरा आणि शेवटचा एखादा तुकडा पाण्याच्या भरवशावर थोडा पुढे न्या. पेरल्यापासून नव्वद-पंचाण्णव दिवसांनी दाण्यात चीक भरतो. थंडी वाढली की मागचे तुकडे आणखी रेंगाळतात, ते आपल्या फायद्याचंच आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत रोज कुठला तरी तुकडा तयार असतो.

बियाणं खास हुरड्याचंच घ्या. सुरती, गुळभेंडी ही जुनी वाणं आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘फुले उत्तरा’ही चांगलं चालतं, दाणा गोड आणि चोळताना बोंडातून लवकर सुटतो. हिशोब सोपा आहे. पंचेचाळीस बाय पंधरा सेंटिमीटरवर लावलं तर गुंठ्यात पंधराशेच्या आसपास ज्वारीची ताटं बसतात. पाखरं, किडकं, लोळलेलं असं सगळं मिळून निम्मं गेलं धरा. एका माणसाला तीन-चार कणसांचा हुरडा पुष्कळ होतो. म्हणजे गुंठ्यामागे निदान पावणेदोनशे माणसांची सोय झाली, आणि तुमच्या तीन खोल्यांत आठवड्याला तेवढी माणसं येतही नाहीत. उरलेल्याची ज्वारी होते, कडबा जनावरांना.

हुरडा पार्टीत आगटी आपल्याच माणसाने सांभाळायची. खड्डा, गोवऱ्यांचा विस्तव, निखाऱ्यात कणीस फिरवणं, यात पाहुण्याचा हात नको, चटके बसतात. पण कणसं कापून आणणं, कोमट झालेलं कणीस तळहातावर चोळणं आणि सुपात पाखडून भुसकट उडवणं हे तीन भाग पाहुण्यांचेच. बहुतेक ठिकाणी ताटात तयार हुरडा वाढतात आणि तिथेच मजा घालवतात. सकाळी कापलेलं कणीस त्याच दिवशी भाजायचं, दुसऱ्या दिवशी गोडी राहत नाही. सोबत तिळाची आणि लसणाची चटणी, शेंगदाणे, गूळ, दही, बोरं आणि बांधावरचा ओला हरभरा. त्याच थंडीत भोगी येते, तेव्हा तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी चुलीवर. आसपास गुऱ्हाळ चालू असेल तर दुपारी तिकडे न्या. गरम काकवी आणि ताजा गूळ मुलं विसरत नाहीत, पण कढईपासून लांब उभं करायचं हे निघतानाच बजावून ठेवा.

हुरडा संपता संपता द्राक्ष येतं आणि इथे तुमच्या हातात जे आहे त्याची तुम्हाला कल्पना नाही असं मला प्रश्नावरून वाटतं. आपल्या तालुक्याचं जंबो द्राक्ष लोक दुकानातून महाग भावाने घेतात. ते वेलीवर बघायला मिळणं हीच त्यांच्यासाठी मोठी गोष्ट असते. ‘तोडा आणि खा’ एवढ्यावर थांबू नका. एक रिफ्रॅक्टोमीटर तुमच्याकडे असणारच. मुलांना उन्हातल्या घडाचा, सावलीतल्या घडाचा, घडाच्या वरच्या आणि खालच्या मण्याचा रस त्याच्या काचेवर टाकून गोडी मोजायला लावा. कागदावर ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, लिहून घ्यायला सांगा. तास-दीड तास मुलं आणि बापही बागेतून हलत नाहीत. मोठ्यांना ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी यांतला फरक, विरळणी का करतात, मण्यात पाणी उतरलं म्हणजे काय झालं, हे वेलीपुढे उभं राहून सांगा. ज्यांना द्राक्ष महाग वाटत होतं त्यांचं मत बागेतून बाहेर पडेपर्यंत बदललेलं असतं आणि जाताना ते पेटी घेऊन जातात.

यात एक गोष्ट मात्र कडक पाळायची. प्रत्येक औषधाला फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने दिलेली यादी निर्यातीच्या बागांसाठी आपण पाळतोच. पाहुण्यांनाही तोच नियम. त्यासाठी बागेच्या घराकडच्या चार-पाच ओळी वेगळ्या धरा, त्यांची फवारणी लवकर आटोपती घ्या आणि ओळीच्या तोंडाशी शेवटच्या फवारणीची तारीख पाटीवर लिहा. उरलेल्या बागेत पाहुण्याने पाऊल टाकायचं नाही. मणी धुतल्याशिवाय तोंडात नाही, हे लहान मुलांच्या आईला आधी सांगा, मुलांना नंतर.

फेब्रुवारी आपल्याकडे आपोआपच भरतो. १९ तारखेला शिवजयंती. त्या दिवशी शिवनेरीवर अफाट गर्दी असते, पाहुण्यांना गड दाखवायचा तर आधी किंवा नंतर न्या, आणि सकाळी लवकर. २८ फेब्रुवारी विज्ञान दिन. त्या सुमारास खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचं केंद्र लोकांना बघायला खुलं असतं, प्रदर्शन भरतं, शाळाच्या शाळा येतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्याच शिवारात उभ्या. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी पालकांना हे माहीतच नसतं. सकाळी खोडद, दुपारी द्राक्षबाग, एवढ्यात तुमचा दिवस निघतो. लेण्याद्री दुसऱ्या दिवशी.

उन्हाळ्याबद्दल खरं बोलू. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेदहापासून संध्याकाळी पाचपर्यंत आपल्याकडे बाहेर करण्यासारखं काही नसतं, आणि ते ओढूनताणून उभं करू नये. दिवसाचे दोन तुकडे पाडा. पहाटे वाळवण. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवलेले असतात, चीक शिजवायचं काम उजाडायच्या आत सुरू होतं. गरम चीक वाटीत, वर दूध-साखर किंवा तूप, मग गच्चीवर साच्यातून कुरडया घालायच्या. मुलांच्या वेड्यावाकड्या कुरडयांचं एक वेगळं प्लास्टिक ठेवा, वाळल्यावर ज्याच्या त्याला पिशवीत घालून द्या. आंब्याची झाडं असतील तर झेल्याने उतरवणं आणि पेंढ्यात आढी घालणं. दुपारी झोप, पत्ते, सावलीत वाचन. कितीतरी पाहुण्यांना खरं म्हणजे तेच हवं असतं. ज्यांचं लहानपण गावात गेलं आणि आता गावाकडे घर उरलेलं नाही अशी साठीची जोडपी येतात, त्यांना ओट्यावर बाज टाकून द्या आणि त्यांच्या वाटेला जाऊ नका. कार्यक्रमाची घंटा वाजवत फिरणारा यजमान त्यांना नको असतो.

विहिरीत पोहण्याचा विषय निघणारच. माझं मत कडवट वाटेल, पण पाहुण्यांना विहिरीत उतरवू नका. आपल्या मुलांना काठावरची प्रत्येक कपार माहीत असते, पाहुण्याला नसते. पाण्यात खेळायचंच असेल तर पाटावर किंवा कमरेएवढ्या हौदात, तेही आपलं माणूस समोर असताना.

चैत्रात गावोगावच्या जत्रा असतात आणि आपल्याकडे जत्रा म्हणजे घाटातली बैलगाडा शर्यत. डिसेंबर २०२१मध्ये बंदी उठून शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, त्यामुळे शहरातल्या लोकांनाही आता त्याबद्दल कुतूहल आहे. पाहुण्यांना गावच्या जत्रेत परवानगीने भरलेली शर्यत लांबून दाखवा. स्वतःच्या वावरात पाहुण्यांसाठी गाडा पळवायच्या फंदात पडू नका, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि अटी मोठ्या असतात.

मेच्या शेवटी, पहिल्या सरी पडायच्या वेळेला, काजवे. हे आपल्या बागायतीत नाही. पश्चिमेकडे आदिवासी पट्ट्यात आणि शेजारच्या अकोले तालुक्यात पुरुषवाडी, भंडारदरा या बाजूला. तिथे आता शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि त्या दिव्यांनीच काजव्यांचा खेळ बिघडतो, कारण त्यांचं चमकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण असते. न्यायचंच तर मधल्या वारी न्या, गावातला वाटाड्या पैसे देऊन घ्या, टॉर्चवर लाल कागद, मोबाइल खिशात, आणि पायवाट सोडायची नाही. काजवा बाटलीत भरणारं मूल दिसलं तर आईबापांना शरम न बाळगता सांगा.

आता पावसाळा, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती दिसते. माझ्या मते वर्षातला सगळ्यात श्रीमंत काळ हाच, फक्त आपण तो ‘ऑफ सीझन’ म्हणून सोडून देतो. मृगाच्या तोंडावर पाहुण्यांच्या वावरात भुईमूग पेरायचा. प्रत्येक मुलाला हातभर नाही, चांगली पाच पावलं ओळ द्या, काठीला त्याच्या नावाची पाटी. लाल मखमली मृगाचा किडा दिसला तर तोही दाखवा. मग महिन्या-दीड महिन्याने त्या ओळीचा फोटो आईबापांना पाठवा, फुलं आल्यावर एकदा, आऱ्या, म्हणजे पुढे ज्यांना शेंगा धरतात ते दोरे, जमिनीत शिरताना एकदा. सप्टेंबरअखेरीपासून शेंगा उपटायला तेच कुटुंब परत येतं आणि शेजाऱ्यांना घेऊन येतं. जाहिरातीवर मी जेवढा खर्च केला असता, त्यापेक्षा ही भुईमुगाची ओळ मला स्वस्त पडते.

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, तुमच्या शिवारात नाही, ती पश्चिमेला. तिकडच्या एखाद्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवा. नीट ठरवा: त्याने एक छोटं खाचर पाहुण्यांसाठी चिखलून ठेवायचं, रोपं काढून द्यायची, आणि तुम्ही त्याला खाचराचे, रोपांचे आणि नंतर पुन्हा लावण्याच्या मजुरीचे पैसे द्यायचे. पुन्हा लावावंच लागतं, कारण पाहुणे रोपं एक तर तरंगती ठेवतात नाहीतर मुठीने खुपसतात. एका जागी दोन-तीन रोपं, मागे मागे सरकत, वाकून. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते आणि मग तांदळाच्या भावाबद्दलची बडबड थांबते. पायाला जखम, चिरा, खरचटलेलं असेल त्याने चिखलात उतरायचं नाही. लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती खरी आहे, बाहेर आल्यावर साबणाने पाय धुवायचे, आणि पुढच्या महिन्याभरात ताप आला तर भाताच्या चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना सांगायचं.

त्याच भागात जुलै-ऑगस्टमध्ये रानभाज्या. कर्टुली, कुरडू, टाकळा, फोडशी, चाईचा मोहर. हा फेरफटका तुम्ही स्वतः घेऊ नका. तिथली एखादी जाणती बाई असते, तिला पुढे चालू द्या, बोलूही तिलाच द्या, आणि तिचा मोबदला पाहुण्यांसमोर ठरलेला असू द्या. शेवळासारखी भाजी काकडाच्या फळाशिवाय शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो, म्हणजे ओळखण्याइतकंच रांधणंही महत्त्वाचं. पाहुण्याने स्वतः तोडलेलं काहीही चुलीवर जाणार नाही, हा नियम. राखीव जंगलात तोडायचं नाही, हेही आलंच.

सतत पाऊस लागला की मासवडी. आपल्या भागाची खासियत, आणि करायला दोन तास जातात: बेसन हाटून घेणं, ओल्या फडक्यावर थापणं, तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून वळणं, कापणं, रस्सा. चुलीभोवती पाच-सहा जणं बसली की बाहेरच्या पावसाची तक्रार बंद होते. माझ्याकडे पाहुण्यांनी सगळ्यात जास्त फोटो काढलेली गोष्ट ही आहे, गड नव्हे. मधल्या उघडिपीत नारायणगावच्या टोमॅटो बाजारात न्या, क्रेट उतरताना आणि बोली लागताना लांब उभं राहून बघायला. त्या दिवशीचा भाव आणि त्यांच्या घराजवळच्या भाजीवाल्याचा भाव यांचा हिशोब ते आपणहून करतात.

पोळा आपल्याकडे भाद्रपदी अमावस्येला. आदल्या दिवशीच्या खांदेमळणीला, म्हणजे बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात तेव्हा, पाहुणे हवेत. मिरवणुकीत फटाके आणि ढोल असतात, बैल बुजतो, तिथे मुलं नकोत. स्वतःकडे बैल नसतील तर भाड्याने आणून उभे करू नका, ज्याच्याकडे आहेत त्याच्या गोठ्यात जा. कोजागिरी, वसुबारस, दिवाळीतला मातीचा किल्ला, यांचं मी काही सांगायला नको. घरात जे होतं त्यात त्यांना सामील करून घ्या, वेगळं काही मांडू नका.

रात्रीचं मात्र लिहिलंच पाहिजे, कारण आपण जुन्नरमध्ये आहोत. बाहेरची माणसं ‘नाइट वॉक’ मागतात. उसाच्या फडात बिबट्या राहतो, मादी तिथेच पिल्लं घालते, आणि ऊसतोड सुरू झाली की ती विस्कटतात. अंधार पडल्यावर कुंपणाबाहेरचा कोणताही कार्यक्रम ठेवू नका. शेकोटी अंगणात, दिव्याच्या उजेडात, घराकडे पाठ करून. लहान मूल एकटं संडासाला जाणार नाही, पाहुण्यांचं कुत्रं रात्री आत. हे आल्या आल्या, चहाच्या आधी सांगायचं, घाबरवून नाही, नियम म्हणून. तारे बघायचे तर गच्चीवरून, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश स्वच्छ असतं. पावसाळ्यात साप: बूट झटकून घालायचे, गवतात टॉर्चशिवाय पाय नाही, आणि सर्पदंशावर उपचार करणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर प्रत्येक खोलीत चिकटवलेला.

मनुष्यबळाचा अंदाज असा ठेवा: एका वेळी आठ-दहा पाहुण्यांमागे एक आपला माणूस, ज्याला त्या तासापुरतं दुसरं काम नाही. कोणताही कार्यक्रम दीड तासापेक्षा लांबवायचा नाही. दिवसात दोन पुरेत, एक सकाळचा आणि एक उन्हं कलल्यावर. धार काढायची ती रोजच्या माणसानेच. गाय अनोळखी हाताला लाथ मारते, शिवाय पान्हा चोरते आणि संध्याकाळच्या दुधाला फटका बसतो. वासराला गवत घालणं मुलांना तेवढंच आवडतं. पर्यटन संचालनालयाकडे २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाखालची नोंदणी केली नसेल तर करून घ्या, पाटी लावण्यापासून बँकेपर्यंत ती उपयोगी पडते.

दर ठरवताना या गोष्टींचे वेगळे पैसे लावू नका. राहणं, जेवण आणि शेतातलं काम एकाच दरात. वेगळे पैसे फक्त तिथे, जिथे पैसे तिसऱ्याकडे जातात: आवणीचं खाचर, रानभाजीवाली बाई, काजव्यांचा वाटाड्या. आणि फोनवर ‘तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारलं की बाराही महिन्यांची यादी वाचून दाखवायची नाही. त्या आठवड्यात शेतात काय चाललंय तेवढं सांगायचं. ‘या रविवारी भुईमूग उपटतोय, शनिवारी पाऊस असला तर मासवडी.’ काही चालू नसेल तर तसं सांगा. काही जण म्हणतात मग नंतर येतो, आणि काही जण नेमकं त्याचसाठी येतात.